नाव नको, फी नको : सिंगापुरातल्या एए मीटिंगबद्दलचे गैरसमज

सिंगापुरात दर २४ माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी दारूच्या अतिसेवनाचा विकार जडतो, असं तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या २०१६ च्या पाहणीत दिसलं. ही पाहणी नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यापुरती होती. नोकरीच्या पासवर आलेली मराठी कुटुंबं त्यात नव्हती. पिण्याचा त्रास मात्र पास बघून येत नाही. आणि तो आला की घरात आधी उठतात त्या शंका : कुणाला कळलं तर? मदत घेतली तर नोकरी जाईल का? या शंकांपायी वर्षं निघून जातात. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : मदत मागितली की सरकारदरबारी नाव लागतं.

वस्तुस्थिती : या भीतीला एक खरं मूळ आहे. अमली पदार्थांचं व्यसन असल्याचा संशय आला, तर सात दिवसांच्या आत सेंट्रल नार्कोटिक्स ब्यूरोला कळवणं सिंगापुरातल्या डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण ती सक्ती अमली पदार्थांची आहे, दारूची नाही. २०१५ च्या कायद्याने रात्री साडेदहा ते सकाळी सातपर्यंत सार्वजनिक जागी पिण्यावर बंदी आली, तिचाही उपचारांशी संबंध नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेत तर हजेरीपटच नसतो. तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव, कंपनी, पासचा प्रकार कुणी विचारत नाही.

गैरसमज : ही चर्चची प्रार्थनासभा आहे.

वस्तुस्थिती : एए सुरू झाली १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. दोघंही दारूत बुडालेले, आणि एकमेकांशी बोलून सावरलेले. त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. कुठल्याही धर्माशी संघटना बांधलेली नाही. सभासद होण्याची अट एकच : दारू सोडायची इच्छा. ईश्वराचं नावच नको असेल, तर स्मार्ट रिकव्हरी हा विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा पर्याय आहे. जलान उबीवरच्या ‘वी केअर कम्युनिटी सर्व्हिसेस’ या संस्थेत त्याचीही चौकशी करता येते.

गैरसमज : पहिल्याच दिवशी उभं राहून सगळं कबूल करावं लागतं.

वस्तुस्थिती : नुसतं ऐकलं तरी चालतं. मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोडणं नाही, उपदेश नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी गोळा होते, नवख्याने काही दिलं नाही तरी हरकत नसते. वेळापत्रक एए सिंगापूरच्या वेबसाइटवर मिळतं. त्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ हे दोन शब्द नीट पाहावेत. ओपन मीटिंगला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड ही फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. जागा आणि वेळा बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करावी.

गैरसमज : नुसत्या बोलण्याने कुठे दारू सुटते?

वस्तुस्थिती : २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक होते. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर बाराव्या महिन्यात १०० पैकी ४२ जण दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मान्यताप्राप्त उपचारांमध्ये हा आकडा ३५ होता. सगळ्यांची सुटत नाही, पण ‘नुसत्या गप्पा’ म्हणून झटकून टाकावी अशी ही गोष्ट नव्हे.

गैरसमज : आज बाटली फेकायची, उद्या मीटिंग गाठायची.

वस्तुस्थिती : हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो. म्हणून अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा. इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्येच व्यसनांसाठी नॅशनल ॲडिक्शन्स मॅनेजमेंट सर्व्हिस हा स्वतंत्र विभाग आहे. त्याची हेल्पलाइन ६७३२ ६८३७. फिट आली किंवा भास होऊ लागले, तर थेट ९९५ वर ॲम्ब्युलन्स बोलवावी. मीटिंग ही औषधांची जागा घेत नाही, दोन्ही जोडीने चालू शकतात.

गैरसमज : तो तयार होईपर्यंत घरच्यांच्या हातात काही नाही.

वस्तुस्थिती : पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. नवरा एएला यायला नाही म्हणाला, तरी बायकोला तिथे जाता येतं. तिच्यासारख्याच बायका काय करून पाहतात, हे तिथे कळतं. दारू लपवणं, ऑफिसला खोटे फोन करणं यातून तिची स्वतःची सुटका करायला ते बळ देतं. मन मोकळं करायला मराठीच हवी असेल, तर पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये उभं केलं. महाराष्ट्रातले एएचे काही मराठी समूहही ऑनलाइन मीटिंग घेतात. सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने महाराष्ट्रातली संध्याकाळी सातची मीटिंग सिंगापुरात रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर, आपल्याच खोलीत बसून ऐकता येते.