भातसा भरलेली, विहीर कोरडी

नळाला पाणी आलं नाही की आपण सगळे वॉर्डनच्या नावाने शंख करतो. पण ते पाणी येतं कुठून? मुंबईच्या सात तलावांची उपयुक्त क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर आहे. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं, आणि भातसा, तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात.

मागच्या मे महिन्यात मी रूममेटच्या गावी, शहापूरला गेले होते. पाड्यावरची विहीर तळाला गेलेली, टँकरसाठी हंड्यांची रांग. तिच्या आजीने विचारलं, "तुमच्या मुंबईला पुरतं ना गं पाणी?" मला काय बोलावं ते सुचेना.

शहापूर-मुरबाडला पाऊस काही कमी नाही, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. वर मातीचा पातळ थर, खाली बेसॉल्टचा कातळ आणि सह्याद्रीचा उतार. पाणी मुरण्याआधीच पळतं. जंगलातली मुळं आणि पालापाचोळा त्याला अडवतात, म्हणून ओढे-झरे जास्त दिवस टिकतात. तिथे जंगल तोडून प्लॉट, फार्महाऊस, वीटभट्ट्या आल्या की तेच पाणी गढूळ होऊन एकदम खाली येतं.

गंमत म्हणजे (कसली गंमत!) यामुळे पावसाळ्यात तलावाची पातळी कमी दिसत नाही. फरक नंतर कळतो. ओढे लवकर आटतात आणि वाहून आलेला गाळ तलावात बसतो. तानसा 128.63 मीटरला ओसंडतो, आणि 118.87 मीटरच्या खालचं पाणी नेहमीसारखं उचलता येत नाही. म्हणजे कामाची उंची दहा मीटरसुद्धा नाही! गाळ साचला तरी पातळीचा आकडा तोच राहतो, पाणी मात्र कमी होतं. शिवाय तलाव आपल्या मेसच्या कढईसारखा असतो. वरच्या इंचात आमटी जास्त, तळाच्या इंचात कमी. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पातळी भराभर उतरते.

त्यात पाऊस रुसला की संपलंच. 2015 मध्ये पाऊस इतका कमी झाला की ऑगस्टअखेरीसच मुंबईत 20 टक्के पाणीकपात लागली. 2023 ला मान्सून उशिरा आला, तेव्हा 1 जुलैपासून 10 टक्के. तानसाभोवती अभयारण्य आहे म्हणून तिथलं रान बरंचसं टिकून आहे. सगळीकडे तसं नाही.

पण कपात म्हणजे आपल्याला एक बादली कमी. पाड्याला तलाव भरला काय नि आटला काय, सारखंच. धरण खाली दरीत, पाडा वर टेकडीवर, आणि पाणी आपोआप चढत नाही. त्याला पंप, पाईप आणि वीजबिल भरणारा कोणीतरी लागतो. मुरबाडकडेही बारवी धरणाचं पाणी एम.आय.डी.सी.मार्फत कारखान्यांना आणि शहरांना जातं, अन् तालुक्यातले काही पाडे उन्हाळ्यात टँकरवर असतात.

त्या दिवशी टँकर दुपारी तीनला आला. ड्रायव्हरने पाईप विहिरीत सोडला आणि दहा-पंधरा मिनिटांत निघून गेला. आजी म्हणाली, "गाळ बसू दे जरा, मग भरू."