पीएसए तपासण्याआधी विचारायचे प्रश्न

लखनौच्या अमीनाबादमध्ये औषधांचा मोठा घाऊक बाजार आहे. लघवीची धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, अशा तक्रारींवर प्रौढ पुरुषांना फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड लिहून दिलं जातं, आणि जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं तीच गोळी आणली जाते. सहा महिने ते वर्षभर ही औषधं घेतली की रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन, साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे रिपोर्टात २.५ दिसलं तर ते ५ च्या आसपास धरायचं. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या १ मिलिग्रॅमच्या फिनास्टेराइडनंही आकडा खाली येतो. ‘नॉर्मल’ असं सांगण्याआधी ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ हे कुणी विचारलं नाही, तर त्या रिपोर्टावर विसंबता येत नाही.

‘४ च्या वर कॅन्सर, ४ च्या आत निर्धास्त’ ही समजूत तर घरोघरी आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली गेली. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे १५ टक्के पुरुषांत कॅन्सर आढळला होता. उलट ४ ते १० या टप्प्यात साधारण चारांतल्या तिघांना कॅन्सर नसतो. मूत्रमार्गातला संसर्ग, अडकलेली लघवी, नुकतीच घातलेली नळी, वयानुसार वाढलेली ग्रंथी, यांपैकी कशानंही आकडा चढतो. म्हणून वाढलेला आकडा आधी काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा.

लघवीचा त्रास नाही म्हणजे प्रोस्टेट ठीक, हाही भ्रम. कॅन्सर बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रनलिकेपासून दूर सुरू होतो. सुरुवातीला तो काहीच जाणवू देत नाही. शिवाय दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तरी बाहेरचा भाग शिल्लक राहतो, त्यामुळे त्यानंतरही कॅन्सर होऊ शकतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते घराण्याच्या इतिहासाकडे. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, हे काहींना ठाऊक असतं. पण आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, हे पुरुषाच्या तपासणीत कुणी सांगत नाही. बायकांचा आजार म्हणून तो बाजूला पडतो. बीआरसीए-२ या जनुकातला दोष आईकडूनही मुलात येतो, आणि त्यातून होणारा प्रोस्टेटचा कॅन्सर कमी वयात आणि आक्रमक रूपात येऊ शकतो. युरोपच्या युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण पुरुषानं पन्नाशीनंतर, घरात इतिहास असल्यास पंचेचाळिशीपासून आणि बीआरसीए-२ चा दोष असल्यास चाळिशीपासून तपासणीचा विचार करावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीनं नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात सरसकट तपासणी नाकारली, पण बीआरसीए दोष असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासावं असं सुचवलं.

‘मग सगळ्यांनीच दरवर्षी करावी, काय बिघडलं?’ बिघडतं. आयुष्यभर त्रास न देणारे कॅन्सरही या चाचणीत सापडतात, आणि त्यांच्या उपचारांतून लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. युरोपातल्या मोठ्या चाचणीचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला: तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले, म्हणजे तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण तो सरसकट चाचणीतून फार थोड्यांच्या वाट्याला येतो. म्हणूनच साठीत पीएसए २ च्या आत असेल तर पुढची चाचणी आठ वर्षांपर्यंत लांबवता येते. तिशीतल्या तरुणाच्या किंवा ऐंशीच्या आजोबांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही चाचणी न विचारता घालणं मला चुकीचंच वाटतं.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. आपल्याकडे याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असल्यानं ते पटण्यासारखं आहे. मात्र त्यामुळे जोखमीचे पुरुष ओळखण्याचं काम कुणाचंच राहत नाही. आपल्याकडे अनेक रोगी येतात तेच आजार हाडांत पोहोचल्यावर, कंबरदुखीवर कित्येक महिने मलमं चोळून.

बायोप्सीची सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीला आधार नाही. आता बहुधा आधी एमआरआय होतो आणि त्यात संशयास्पद जागा दिसली तर तिथूनच तुकडा घेतात. गोथेनबर्गच्या २०२२ च्या अभ्यासात या पद्धतीनं निरुपद्रवी कॅन्सर सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आणि सापडला तरी लगेच ऑपरेशन हवंच असं नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात १,६४३ रुग्णांपैकी कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी किरणोपचार घेतले, कुणावर फक्त लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले सुमारे तीन टक्केच होते.

अमीनाबादहून केजीएमयू या वैद्यकीय विद्यापीठाचा युरॉलॉजी विभाग फार लांब नाही. तिथे जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि दोन्हीकडच्या नातलगांना कोणता कॅन्सर कितव्या वर्षी झाला याची यादी न्यावी. मावशीचं नाव त्या यादीत असलंच पाहिजे.