जनरल डब्याचं गणित

सेमिस्टर संपली की आपलं अर्धं हॉस्टेल जनरलच्या डब्यात भेटतं. महाराष्ट्र एक्सप्रेसचंच घ्या. कोल्हापूर ते गोंदिया, १३०० किमीहून जास्त, आणि पाय ठेवायला जागा नाही! असं का होतं?

स्लीपरच्या कन्फर्म तिकिटावर बर्थ नंबर असतो, जनरलच्या तिकिटावर नसतो. नव्या एलएचबी जनरल डब्यात सीट्स साधारण १००. पण तिकीट देताना त्या कोणी मोजत नाही. म्हणजे पैसे प्रवासाचे, जागेचे नाहीत. जागा मिळते ती "काका, जरा सरका ना" म्हटल्यावर.

पण सरकण्यालाही लिमिट असते. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, १८ जण गेले.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. २०० किमी किंवा जास्त अंतराचं जनरल तिकीट ३ दिवस आधी मिळतं, ते काढून ठेवा. जनरल डबे बहुतेक गाड्यांना दोन टोकांना असतात, तिथेच आधी जाऊन उभे राहा. आणि डबा भरला असेल तर दारात लटकू नका, सरळ पुढची गाडी पकडा. घरी चार तास उशिरा पोचलं तरी चालतं.