त्लाश्काल्ली, ताश्काल आणि मध्येच आलेला तमाल

आज एकाच शब्दावर बोलू. मेक्सिकोतली मक्याची पातळ भाकरी तुम्हाला टॉर्टिया म्हणून माहीत असेल. पण टॉर्टिया हा स्पॅनिश शब्द. (स्पेनमध्ये टॉर्टिया मागितलीत तर समोर ऑम्लेट येईल!) स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथे बोलली जाणारी भाषा नाहुआत्ल, आजही सुमारे 16 लाख लोक ती बोलतात. तिच्यात ह्या भाकरीला म्हणतात त्लाश्काल्ली. 'इश्का' म्हणजे भाजणं, म्हणून हे 'भाजलेलं काहीतरी'. मेक्सिकोत त्लाश्काला नावाचं राज्यच आहे, भाकऱ्यांचं ठिकाण.

आता सुरुवातीचा 'त्ल' बघा. आपण जोडाक्षर लिहितो, पण तो एकच आवाज आहे. जीभ 'त'साठी टेकवायची आणि हवा बाजूंनी सोडायची. करून बघा, पहिल्यांदा थोडं हसू येतं.

प्वेब्ला राज्यातल्या क्वेत्सालानच्या डोंगराळ भागात मात्र हा आवाज नाही. तिथे साधा 'त', आणि शेवटचा 'ली'सुद्धा गळतो. उरतं ताश्काल. तसंच पाणी: आत्ल ऐवजी आत. नियम एवढा सरळ की वाटतं, झालं, आता कुठल्याही बोलीतला शब्द घरबसल्या ओळखू.

आणि इथेच एल साल्वादोर आपली विकेट काढतं. तिथली बहीणभाषा नावात. नावातच बघा ना, 'त्ल'चा 'त' झालाय. म्हणजे भाकरी ताश्काल असणार? नाही. तिथे रोजच्या भाकरीला म्हणतात तमाल! मेक्सिकोत तमाल म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. रीत आपल्या पातोळ्यांसारखी. शब्द तोच, ताटातली वस्तू वेगळी.

म्हणून मला वाटतं, आवाजाचे नियम शब्दाचं रूप सांगतात, पण त्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यालाच विचारावा लागतो. आणि नावात बोलणारे आता फार थोडे, बहुतेक म्हातारे. 1932 साली तिथल्या लष्कराने उठाव चिरडताना हजारो लोक मारले, त्यात बहुसंख्य आदिवासी होते. त्यानंतर भीतीपोटी कित्येक घरांनी मुलांशी ही भाषा बोलणंच सोडलं. म्हणजे चुलीपाशी ऐकून जो शब्द आपोआप यायचा, तोच थांबला.

सांतो दोमिंगो दे गुस्मान ह्या गावात 2010 पासून नावातची एक बालवाडी चालते. तिथे शिकवतात गावातल्याच बायका, ज्यांची ही बोली घरातली आहे. तिथल्या पोरांना तमाल म्हणजे काय, हे कुणी भाषांतर करून सांगावं लागत नाही.