जूनचा खर्च आणि मराठी शाळेचा पट

बेळगाव, खानापूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरात पैशाची खरी चणचण भासते ती मे अखेरीस. भाताची धूळवाफ पेरणी, बियाणे, खत यांचा खर्च उभा असतो आणि त्याच सुमारास शाळा उघडतात. वह्या, गणवेश, फी. रताळ्याचे, उसाचे पैसे केव्हाच संपलेले. मग आईच्या कानातले गहाण पडते, नाहीतर सावकाराची पायरी चढावी लागते.

सीमावासीयांचा लढा १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. लढा चालूच राहावा. पण मोर्चात पुढे असणाऱ्यांचीच मुले गावची मराठी शाळा सोडून शहरातल्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात, हेही गावोगाव दिसते. (राग नसावा!) गाडीभाडे आणि फीसाठी कर्ज निघते. म्हणजे पट घसरतो आणि घरही खचते.

यावर बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे बचत गट. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याचाच हा विस्तार. भिशीत रक्कम नंबर लागेल त्याला मिळते. गटात गरज असेल तिला. पंधराजणींनी महिना शंभर रुपये टाकले तरी वर्षाला १८ हजार होतात. पाच हजारांचे कर्ज सावकाराकडून शेकडा पाचने घेतले, तर दहा महिन्यांचे नुसते व्याज अडीच हजार. गटात शेकडा दोनने एक हजार, आणि तेही गटाच्याच पेटीत राहते. अट एकच : दर महिन्याची बैठक चुकता कामा नये आणि वही कोरी राहता कामा नये. गट मोडतात ते बहुधा वहीपायी.

वही मराठीतच असावी. बँकेचे कागद कन्नड वा इंग्रजीत येतात, तेव्हा शाळेत जाणारी पोर ते वाचून दाखवते. म्हणून मुलांना कन्नडही चांगले यावे. त्याने मराठीचे काही उणे होत नाही.

राहिला शाळेचा प्रश्न. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ३५० अ कलम सांगते. हे कलमही १ नोव्हेंबर १९५६ रोजीच लागू झाले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. प्रत्यक्षात बायका सहीपुरत्या असतात. शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर अर्ज कोणी करायचा?

पुढच्या वेळी समिती निवडताना गटातल्या दोघीतिघींची नावे पुढे करून पाहावीत. कोणाचा हप्ता चुकला हे ज्यांच्या तोंडपाठ असते, त्यांना कोणते पोर चार दिवस शाळेत आले नाही, हेही ठाऊक असते.