कार्डावर आजींचे नाव आहे काय?

बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या आरोग्यविम्यावर लिहावे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु आदिलाबादेत इतकी वर्षे व्यवसाय केल्यानंतर एक गोष्ट माझ्या मनावर ठसली आहे. बाळाला कडेवर घेऊन माझ्या दवाखान्याची पायरी चढणारी व्यक्ती बहुधा आजी असते. आई-वडील कापसाच्या वेचणीला गेलेले असतात. नातवाचे वजन, ताप, लसीची तारीख सारे आम्ही काळजीपूर्वक पाहतो. आजींच्या सुजलेल्या पायांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वी पैनगंगेकाठच्या एका गावातील आजी अशाच नातवाला घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, मधूनच अंधारी येते बघा.’’ सहज नाडी पाहिली, ती मिनिटाला छत्तीस! हृदयातील विद्युत्प्रवाहाचा मार्ग खंडित झाला होता. पेसमेकर हाच उपाय होता. मी चिठ्ठी देऊन त्यांना हैदराबादला धाडले. तीनशे किलोमीटरचा प्रवास करून मायलेक तेथे पोहोचले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. ‘‘कारड हाये, पण माहं नाव नाही म्हणतेत,’’ एवढेच त्या सांगू शकल्या. मोठा मुलगा वेगळा झाला तेव्हा शिधापत्रिका फोडली गेली. एका कार्डावरून आजींचे नाव कमी झाले आणि दुसऱ्यावर ते चढलेच नाही. धान्य दोन्ही घरी येत असल्यामुळे कुणाला ते जाणवलेही नाही.

नाव चढवणे आणि पैशांची जुळवाजुळव करणे यांत कित्येक आठवडे गेले. दरम्यान आजींना पुन्हा भोवळ आली, त्या अंगणात पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. पेसमेकर अखेर बसला; परंतु स्वतःच्या पायांनी त्या माझ्या दवाखान्यात पुन्हा कधी आल्या नाहीत. या प्रकरणी मी कुणाला दोष देऊ? सहा वर्षे त्या माझ्याकडे येत होत्या. मीच त्यांना एकदाही विचारले नव्हते.

त्या प्रसंगानंतर मी या योजना अभ्यासाव्या तशा अभ्यासल्या. राजीव आरोग्यश्री योजना संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ साली सुरू झाली. तिचा लाभ प्रामुख्याने शिधापत्रिकाधारक कुटुंबांना मिळतो. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दहा लाख रुपये करण्यात आली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तेलंगण तीत २०२१ मध्ये सहभागी झाले. तीत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ही योजना खुली केली आणि त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आणले. येथे वय आधार कार्डावरचे धरले जाते. आपल्या वृद्धांच्या आधारावर अंदाजाने लिहिलेले जन्मवर्ष असते; ते आधीच तपासून घेणे इष्ट.

यापूर्वीच्या, २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत एका कार्डावर पाचच माणसे बसत. घरात सहा-सात माणसे असली की वगळली जात ती म्हातारी माणसे. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबातील संख्येची वा वयाची मर्यादा नाही आणि जुना आजार असला तरी प्रतीक्षाकाळ नाही. ही सुधारणा लहान नव्हे.

तथापि तीन गोष्टी स्पष्ट समजून घ्याव्यात. पहिली, हा विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी वा बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही; त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र वा सरकारी रुग्णालय गाठावे. दुसरी, संलग्न रुग्णालयातच लाभ मिळतो. आपल्याला नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबादहून जवळ. लेकी-सुना पैलतीरच्या, म्हणून आपले रुग्ण स्वाभाविकपणे यवतमाळ-नागपूरकडे वळतात. आरोग्यश्री ही राज्याची योजना आहे. आयुष्मान भारतच्या पात्र लाभार्थ्याला मात्र परराज्यातील संलग्न रुग्णालयातही उपचार घेता येतात. निघण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर विचारणा करावी. तिसरी, रुग्णालयात प्रथम आरोग्यमित्राला भेटावे. रोख पैसे भरून नंतर कार्ड दाखवू नये.

आता दिव्यांगांविषयी. मी ज्यांना पाळण्यात तपासले, अशी मेंदूच्या पक्षाघाताची काही मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तीत बाह्यरुग्ण उपचार आणि फिजिओथेरपीसारखे सातत्याचे उपचारही येतात. वयाची अट नाही. दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि बिले सादर करून पैसे परत मिळतात. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायद्याने पालकत्व आपोआप राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. ‘आमच्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न डोळ्यांत घेऊन येणाऱ्या मातापित्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

अमेरिकेने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर १९६५ साली आणले आणि १९७२ च्या कायद्याने दिव्यांगांना त्यात सामावून घेतले. तेथे बाह्यरुग्ण उपचारांचाही स्वतंत्र भाग आहे. आपल्याला अजून बराच पल्ला गाठायचा आहे, हे खरे. परंतु जे हाती आहे तेही पोहोचत नसेल, तर उणीव केवळ शासनाची नव्हे.

कागद तेलुगूत, आजी मराठी आणि कार्यालय दूर! या तिहेरी दरीवर पूल बांधणे आपल्या हाती आहे. माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींना एवढीच विनंती, की नातवाच्या केसपेपरवर वजन लिहिताना मागे उभ्या असलेल्या वृद्धेला एकच प्रश्न विचारावा, ‘‘आजी, कार्डावर तुमचं नाव आहे ना?’’ आणि वाचकांनी आज घरी गेल्यावर कपाटातील शिधापत्रिका उघडून पाहावी. आजार आल्यावर कार्ड शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.