तुटकं कडं कोण जोडतं?

तंजावरच्या बांधावर पावसानंतर वीतभर उंचीचं एक तण उगवतं. फांदी उलटून पाहा, खाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकलेली दिसतील. ही भुईआवळी, तमिळ लोकांची कीळानेल्ली. काविळीवरचं पिढ्यानपिढ्यांचं औषध.

याच तंजावरात सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महाल चालवला. देशी आणि पाश्चात्य वैद्यक तिथे एकत्र नांदलं, आणि गुण आलेल्या उपायांची तमिळ पद्यांत नोंद झाली. औषध पारखून घ्यायचं, ही त्या मराठी राजाची दृष्टी.

भुईआवळीचीही पारख झाली. काविळीमागच्या एका विषाणूच्या, हेपॅटायटिस बीच्या, शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग आणि मद्रासचे त्यागराजन यांच्या चमूनं १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. नुसती बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. केवढी आशा! पण पुढच्या चाचण्यांत तो गुण टिकला नाही.

हा शत्रू इतका चिवट का? यकृताच्या पेशीवर पित्तक्षार आत घेणारं एक प्रथिन असतं. विषाणू नेमकं तेच धरून आत शिरतो. हे कळायला २०१२ साल उजाडलं. त्याचा डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचा, तोही अर्धवट, तुटक्या कड्यासारखा. पेशीच्या केंद्रकात पोचल्यावर ते कडं सांधतं कोण? आपल्याच पेशीची दुरुस्ती करणारी विकरं! मग त्या अखंड कड्यावरून वर्षानुवर्षं नवे विषाणू घडत राहतात.

टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधं नव्या प्रती रोखतात, पण कड्याला हात लावू शकत नाहीत. म्हणून गोळ्या बहुधा वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात. हेपॅटायटिस सीचा विषाणू असं कडं करतच नाही. तो साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ हून अधिक रुग्णांत कायमचा जातो.

आता बीविरुद्ध नवे डाव मांडले जात आहेत. कुणी प्रवेशाचं प्रथिन अडवतं, कुणी विषाणूचे आरएनए निरोप मध्येच गाठून नष्ट करतं, कुणी थेट कड्यावर नेम धरतं. ते कडं मोडण्याची विद्या अजून हाती यायची आहे. ते घडूच न देण्याची मात्र आली आहे. म्हणूनच बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस चुकवू नका.